पाण्याआधी डास येतो

आमच्याकडे मनमाडात घरातलं कुठलंही मोठं काम काढायचं तर आधी एकच प्रश्न असतो : पाणी कधी आहे? गोधड्या धुवायच्या असोत, पाहुण्यांना बोलवायचं असो, नाहीतर खिडक्यांच्या जाळ्या उतरवायच्या असोत. मी जाळ्या उतरवतो ते नळाला पाणी येणार त्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा अंगणातल्या २०० लिटरच्या ड्रमात तळाला वीतभर पाणी उरलेलं असतं. ते पिण्याजोगं राहिलेलं नसतं, आणि नवं भरायचं तर ड्रम रिकामा करून घासावा लागतोच. त्या वीतभर पाण्यात सहा खिडक्या आणि दोन दारं, सगळ्यांच्या जाळ्या निघतात आणि तरी कढीपत्त्याला दोन बादल्या उरतात.

"जाळ्या धुवायला पाणी कुठून आणायचं?" हे मी गल्लीत इतक्या वेळा ऐकलंय, की हा लेख बराचसा त्या प्रश्नासाठीच लिहितोय.

मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. मनमाडचं सेंट्रल इंजिनिअरिंग वर्कशॉप १९०६ सालचं, आणि तिथे रेल्वेच्या पुलांचे गर्डर बनतात. नोकरीभर मी लोखंडाच्या जाड पाट्यांतली भोकं जुळवली. भोक जरा सरकलं की रिव्हेट बसत नाही. निवृत्त झाल्यावर शेजारच्या वहिनींच्या खिडकीची जाळी सुटली होती ती बसवून दिली, मग समोरच्यांची, आणि आता दिवाळीआधी आणि मृगाआधी अर्धी गल्ली चौकटी घेऊन माझ्या ओट्यावर येते. पैसे घेत नाही. जाळी आणि रबर ज्याचं त्यानं आणायचं.

जाळीतही सगळा खेळ भोकाचाच आहे. खिडकीला लावतात त्या फायबरच्या जाळीवर बहुधा १८ बाय १६ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात एका बाजूनं १८ आणि दुसऱ्या बाजूनं १६ धागे. पलंगावरच्या मच्छरदाणीसाठी चौरस इंचाला १५६ भोकं हे माप जगभर धरलं जातं. भोक साधारण सव्वा मिलिमीटरचं असतं. डासाला त्यातून अंग घालता येत नाही, वारा मात्र येतो. नवी जाळी असेल तर धाग्यांनी अडवलेली जागा सोडून जवळपास दोन तृतीयांश भाग हवेला मोकळा असतो.

आता धूळ बसली की काय होतं ते पाहा. भोक १.२ मिलिमीटरचं धरू. चारी बाजूंच्या धाग्यांवर ०.२ मिलिमीटरचा थर चढला, म्हणजे जेमतेम दोन कागदांएवढा, तर भोक उरलं ०.८ चं. क्षेत्रफळ काढा : १.४४ चं ०.६४ झालं. निम्म्याहून कमी. जाळी तीच, खिडकी तीच आणि हवा अर्धी. वैशाखात माणूस घामानं हैराण होतो, म्हणतो या जाळीनं जीव घुसमटतोय, आणि जाळी काढून माळ्यावर टाकतो. दोष त्या थराचा होता, शिक्षा जाळीला होते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दहा मिनिटांत निघणाऱ्या धुळीपायी घर वर्षभर उघडं पडतं.

धूळ आमच्याकडे भरपूर. पुणे-इंदूर रस्ता गावातून जातो, धान्याच्या गोदामांचे ट्रक रात्रंदिवस चालू, आणि फाल्गुन संपला की अंकाईच्या बाजूनं वारा सुटतो तो मृगापर्यंत थांबत नाही. बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की त्याचे पापुद्रे उडत येऊन जाळीला चिकटतात. वडील सांगायचे की त्यांच्या काळी कोळशाच्या इंजिनांची काजळी असायची. सकाळी जाळीवरून बोट फिरवलं की बोट काळं.

तर धुवायचं कसं. पहिली गोष्ट, पाण्याला हात लावायचा नाही. बहुतेक घरांत चूक इथेच होते. धुळीनं भरलेल्या जाळीवर मगभर पाणी मारलं की धुळीचा चिखल होतो, चिखल भोकात बसतो, वाळतो, आणि मग तो टूथब्रशनंही निघत नाही. आधी कोरडं काम करायचं. चौकट उतरवून अंगणात खाटेवर आडवी टाकायची. खाटेची वीण मोकळी असते, त्यामुळे धूळ खाली गळून जाते. भिंतीला रंग द्यायचा चार इंची ब्रश, मऊ केसांचा, जाळीवरून एकाच दिशेनं फिरवायचा. मग चौकट उलटी करून दुसऱ्या बाजूनं. तोंडाला फडकं बांधावं. कडेच्या खोबणीत, जिथे जाळी रबराखाली जाते तिथे, जुना टूथब्रश चालवायचा. ऐंशी टक्के काम इथेच होतं.

मग अर्धी बादली पाण्यात चमचाभर भांड्यांचा पातळ साबण. स्पंज त्यात बुडवून पिळायचा आणि जाळीच्या एका बाजूनं फिरवायचा, दुसऱ्या बाजूला कोरडं फडकं धरून. घासायचं नाही, टिपायचं. फायबरचा धागा म्हणजे काचेचा बारीक तंतू आणि त्यावर प्लॅस्टिकचा लेप. तारेच्या घासणीनं किंवा प्रेशरच्या पाइपनं हा लेप फाटतो, आतली काच उघडी पडते, जाळी केसाळ होते आणि हाताला खाज सुटते. थिनर, ॲसिड, संडास धुवायचं औषध यातलं काहीही जाळीजवळ आणू नये. शेवटी साध्या पाण्यात पिळलेलं फडकं दोन्ही बाजूंनी. आणि ही गोष्ट मनमाडकरांसाठी खास : बोअरचं पाणी वापरलंत तर जाळी तशीच उन्हात टाकू नका, लगेच कोरडी पुसा. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, थेंब वाळला की पांढरा ठिपका भोकातच बसतो. पुसलेली जाळी सावलीत उभी करून वाळवायची. एका चौकटीला दोन-तीन मगांहून जास्त पाणी लागत नाही.

चौकटी उतरवताना प्रत्येकीच्या कडेला पक्क्या शाईनं खूण करून ठेवावी. माझ्याकडे "बैठक डावी", "बैठक उजवी", "देवघर" असं लिहिलेलं आहे. दिसायला सारख्या वाटल्या तरी दोन खिडक्या कधीच सारख्या नसतात. सुताराचं, गवंड्याचं काम दोन-चार सुतांनी इकडेतिकडे होतंच, आणि चुकीच्या जागी ठोकून बसवलेली चौकट कोपऱ्यात फट सोडते.

स्वयंपाकघराची जाळी वेगळी काढायची, तिला वरची रीत लागू नाही. फोडणीच्या वाफेनं तिच्यावर तेलाचा चिकटा असतो आणि कोरडा ब्रश मारला की तो पसरतो. तिच्याखाली जुनी वर्तमानपत्रं घालून कोमट पाण्यात साबण आणि थोडा खाण्याचा सोडा मिसळून स्पंजानं लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. कपड्यांचा, धुण्याचा सोडा मात्र ॲल्युमिनियमच्या चौकटीला लावू नये. तो धातू खातो आणि चौकट काळवंडते. माझं मत विचाराल तर ओट्याजवळच्या खिडकीला फायबर लावूच नये. तिथे ३०४ नंबरच्या स्टीलची जाळी घ्यावी. महाग पडते, पण तेल काढताना हात जरा जोरात चालला तरी सोसते, आणि उंदीर तिला कुरतडू शकत नाही.

आता मी हे इतकं जीव तोडून का सांगतोय ते सांगतो.

आठ वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही आतल्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवला. कूलर बसवायला जाळीची चौकट काढली आणि माळ्यावर ठेवली. कूलरच्या बाजूंनी उरलेल्या फटीत पुठ्ठे कोंबले. पाऊस सुरू झाला, हवा थंड झाली, कूलर बंद झाला. पण तो जड, दोन माणसं लागणार, म्हणून या रविवारी काढू, पुढच्या रविवारी काढू असं होत राहिलं. गणपती आले आणि गेले. पुठ्ठे ओले होऊन लोंबायला लागले होते. सप्टेंबरच्या शेवटी धाकटी नात तापानं फणफणली. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणायची, पाच वर्षांचं पोर. तपासणीत डेंगी निघाला. नाशिकला सहा दिवस दवाखान्यात होती, रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा येईपर्यंत आम्ही कोणी घास घेत नव्हतो. ती बरी झाली.

ती दवाखान्यात असतानाच आरोग्य विभागाच्या बाई घर बघायला आल्या. बायकोनं आधी ड्रम दाखवला. ड्रमवर झाकण होतं, पाणी स्वच्छ होतं. बाईंनी विचारलं, "कूलर आहे का काकू?" मग त्यांनी स्वयंपाकघरातली पांढरी ताटली मागितली आणि कूलरच्या तळातलं पाणी वाटीनं काढून तिच्यात ओतलं. पाण्याच्या वरच्या थराशी डोकं खाली करून लटकलेल्या बारीक अळ्या, पंधरा-वीस तरी. बाईंनी ताटलीवर हात धरला. सावली पडली तशा सगळ्या वळवळत तळाला गेल्या. हात काढला, थोड्या वेळानं एकेक करून वर आल्या. मी ते पाहत उभा होतो आणि माझ्या डोक्यात माळ्यावरची चौकट होती. डास आमच्याच खिडकीत जन्मला होता आणि ज्या जाळीनं तो अडला असता ती मीच काढली होती.

त्या बाईंनी त्या दिवशी जो हिशेब सांगितला तो मी कधी विसरलो नाही. डेंगीचा डास, एडिस इजिप्ती, पायांवर पांढरे पट्टे असलेला. तो गटारात वाढत नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यातून उडणारा डास व्हायला उबदार दिवसांत सात ते दहा दिवस लागतात. आता मनमाडचं पाणी घ्या. गाव वागदर्डी धरणावर, आणि त्या धरणाची भिस्त पालखेडच्या कालव्याच्या आवर्तनावर. वर्षानुवर्षं आम्ही पंधरा-वीस दिवसांनी नळाची वाट पाहत आलो, टंचाईच्या वर्षी त्याहून जास्त. करंजवण धरणावरून येणाऱ्या जलवाहिनीची वाट गावानं किती पाहिली ते इथल्या बायकांना विचारा. म्हणजे एकदा भरलेलं पाणी वीस दिवस घरात उभं, आणि डासाला हवेत दहा. पुढचं पाणी येईपर्यंत त्याची पहिली पिढी उडून दुसरीची अंडी पडलेली असतात. योजना येतील, पण साठवायची सवय अशी लगेच सुटत नाही. आमच्या अंगणातला ड्रम अजून जागेवर आहे.

आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा, असं आरोग्य खातं सांगतं ते अगदी बरोबर आहे. पण वीस दिवसांसाठी भरलेलं पाणी ओतून द्यायला इथल्या बाईचा हात धजत नाही, आणि तिचंही बरोबर आहे. त्यातून आम्ही काढलेली वाट अशी. एका मोठ्या ड्रमाऐवजी दोन. दर आठवड्याला एकातलं उरलेलं पाणी धोतराच्या दुहेरी फडक्यातून दुसऱ्यात गाळायचं, फडकं उन्हात टाकायचं, आणि रिकामा ड्रम आतून घासायचा. नुसता विसळायचा नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, काळ्या ठिपक्यांसारखी, आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी लागलं की फुटतात. काथ्याच्या घासणीनं त्या रेषेवर जोर देऊन गोल फिरवायचं. मग ड्रमच्या तोंडाला खिडकीचीच जाळी, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिनं आवळलेली, आणि वर झाकण. झाकण वाकडं बसलं, त्यातून पाइप गेला, तरी खाली जाळी असते. खिडकीची जाळी फाटली की तिचे चांगले तुकडे मी फेकत नाही, ते ड्रमांना जातात. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला आणि संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपाच्या तोंडाला तेच. व्हेंट पाइपातून क्युलेक्स जातीचे डास शेकड्यांनी निघतात, रात्री कानाशी गुणगुणणारे ते हेच.

खिडकीची जाळी म्हणजे रात्रीची गोष्ट, असं आपल्याकडे मनात पक्कं बसलंय. दिवे लागले की दारं-खिडक्या लावायच्या, सकाळी सगळं सताड उघडायचं. हा डास दिवसा चावतो, सकाळी ऊन वर आल्यावर आणि दुपार कलल्यावर त्याचा जोर जास्त. जन्मल्या घराच्या शे-दोनशे मीटरांतच तो बहुधा फिरतो. म्हणून सकाळी अंथरुणं झटकताना, शेजारणीशी बोलताना जाळीचं दार उघडं राहिलं की संध्याकाळच्या कडेकोट बंदोबस्ताचा उपयोग राहत नाही.

जाळीचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सापडली ती रेल्वेवाल्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या स्टेशनातून छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेडवरून जी लाइन सिकंदराबादला पोचते, त्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. त्यासाठी त्यांनी हुसेन खान नावाच्या रुग्णाला जाळीत झोपवून डास आत सोडले होते, आणि चावलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा दिला होता. जाळी डासाला आत कोंडायला वापरली गेली तेव्हा कळलं की तिच्यामुळे बाहेर काय ठेवता येईल. रॉसना १९०२ चं नोबेल मिळालं. पण जाळीची खरी परीक्षा झाली ती इटलीत, आणि ती रेल्वेच्या माणसांच्या घरांवर. १९०० साली जोव्हानी बात्तिस्ता ग्रासी यांनी कापाच्चोच्या हिवतापानं पोखरलेल्या मैदानात रेल्वे कामगारांच्या क्वार्टरांच्या खिडक्या-दारांना तारेच्या जाळ्या ठोकल्या आणि संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्यांना घरात घेतलं. जाळीतल्या ११२ जणांपैकी फक्त ५ जणांना हिवताप झाला. उघड्या घरांतले ४१५ जवळपास सगळेच आजारी पडले. गँगमन, पॉइंट्समन, त्यांची बायकापोरं. आपल्यासारख्याच माणसांच्या खिडक्या होत्या त्या. त्या मानानं अलीकडे, २००९ साली आफ्रिकेतल्या गांबियाचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्ण जाळी लावलेल्या घरांत डास ५९ टक्क्यांनी कमी मिळाले, आणि लहान मुलांतला रक्तक्षय उघड्या घरांत १९ टक्के होता तो जाळीच्या घरांत १२ टक्केच निघाला.

आमच्या मागच्या दाराला अजून वडिलांच्या वेळची लोखंडी तारेची जाळी आहे. सागवानी चौकट, जाळीवर लाकडी पट्टी आणि चुका. ती मी बदलत नाही. दर दोन वर्षांनी तिला रंग देतो, आणि रंग देतानाच अशा जाळ्या मरतात हे सांगायला हवं. ब्रशनं रंग थापला की भोकं बुजतात. आधी पॉलिश पेपरनं गंज उडवायचा, मग पातळ केलेल्या रंगात फडक्याचा बोळा बुडवून चांगला पिळायचा आणि जाळीवर दाबत न्यायचं. लगेच दुसऱ्या बाजूनं कोरडा ब्रश हलकेच आपटायचा, म्हणजे भोकात अडकलेला रंग निघून जातो. धातूच्या जाळीला भोक पडलं तर ठिगळही नीट लावता येतं. भोकाहून इंचभर मोठा तुकडा कापायचा, चारी कडांच्या दोन-तीन तारा उपसून काढायच्या, उरलेली टोकं काटकोनात वाकवायची, जाळीतून पलीकडे घालायची आणि मागून दुमडायची. ना शिवण, ना गोंद. फायबरला असं जमत नाही. तिथे बारीक भोक नायलॉनच्या दोऱ्यानं रफू करून वर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब द्यावा. वितीएवढी फाटली असेल तर सरळ नवी घालावी.

नवी घालणं अवघड नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटीला आतून खोबण असते, जाळी तिच्यात रबराच्या दोरीनं दाबलेली असते. जुनं रबर स्क्रूड्रायव्हरनं एका टोकाशी उचलून ओढून काढायचं. ते उन्हानं कडक झालेलं असतं, पुन्हा वापरू नये. दुकानात जाताना त्याचा तुकडा बरोबर न्यावा, जाडी तीच हवी. जाळी चारी बाजूंनी दोन बोटं जास्त ठेवून चौकटीवर पसरायची, धागे चौकटीला समांतर, आणि एका कोपऱ्यापासून चाकाच्या रोलरनं रबर खोबणीत दाबत जायचं. नवीन माणूस इथे जाळी ओढून ताणतो. ताणू नका. रबर आत बसताना जाळीला आपोआप ताण देतं. तुम्ही वेगळा दिलात तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मधोमध आत वाकतात, आणि खिडकीत बसवल्यावर दोन्ही बाजूंना फट दिसते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चौकट चार मिलिमीटर आत आली होती. सगळं रबर काढून पुन्हा घातलं. शेवटी जास्तीची जाळी ब्लेडनं कापायची, ब्लेडचं पातं बाहेरच्या बाजूला तिरकं धरून, म्हणजे हात घसरला तरी जाळीवर येत नाही.

सरकत्या खिडक्यांबद्दल एक गोष्ट कारागीर कधी सांगत नाहीत. जाळीचं पान खिडकीची अर्धी बाजूच झाकतं. काच पूर्ण सरकवली तर ठीक. पण ती मधेच, अर्धवट ठेवली की काच आणि जाळी यांच्यामधली उभी फट उघडी राहते आणि डास त्यातून चालत येतो. काच एकतर पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद. पानाच्या कडेला जी केसाळ पट्टी असते ती चार-पाच वर्षांत झिजून टकली होते, ती बदलून मिळते. खालच्या रुळातली माती दर महिन्याला काढावी. रुळाच्या बाहेरच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती मातीनं बुजली की पावसाचं पाणी घरात येतं. पान जड सरकत असेल तर तेल घालू नका, तेल धूळ धरतं. रूळ पुसून त्यावर मेणबत्ती घासा.

आणि जाळीचं दार नेहमी बाहेर उघडणारं असावं, स्प्रिंगनं आपोआप मिटणारं. संध्याकाळी डास जाळीवर बाहेरून बसलेले असतात. दार आत उघडलं की ते माणसाबरोबर आत येतात.

वालुमाशी मात्र डासांच्या जाळीला जुमानत नाही. नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात १९६५ साली सापडलेला आणि त्या गावाचंच नाव मिळालेला विषाणू ती पसरवते. तिच्यासाठी फार बारीक भोकाची जाळी लागते आणि तिच्यातून उन्हाळ्यात वारा येत नाही. तिथे जाळीपेक्षा भिंतींच्या भेगा लिंपून घेणं जास्त कामाचं, ती भेगांत आणि ओलसर मातीत वाढते.

सगळ्या चौकटी परत बसल्या की रात्री आम्ही परीक्षा घेतो. बाहेर पूर्ण अंधार झाला की आतले सगळे दिवे लावायचे आणि अंगणात येऊन प्रत्येक खिडकीच्या चारी कडा बघायच्या. जाळीतून उजेड मऊ, पसरलेला दिसतो. फट असेल तिथे त्याची टोकदार रेघ येते. जिथे काडेपेटीची काडी आत जाते तिथून डास जातो. हे काम आता नातीकडे आहे. तीच, दवाखान्यात होती ती. आता तेरा वर्षांची आहे आणि तिची नजर माझ्याहून तीक्ष्ण आहे.

परवा तिनं बैठकीच्या खिडकीशी उभं राहून हाक मारली, "आबा, इकडे या. वरच्या कोपऱ्यातून रेघ येतेय." इंटरनेटची केबल आणताना चौकटीला पाडलेलं भोक होतं, केबल बारीक आणि भोक मोठं. आठ महिने झाले असतील केबल आणून. मी तात्पुरता कापसाचा बोळा घट्ट कोंबून ठेवलाय. आज बाजारात जायचं आहे, सिलिकॉनची ट्यूब आणायची आणि मागच्या दारासाठी अर्धा लिटर हिरवा रंग.